आठांतला एक थ्रस्टर: कॅपस्टोन यानाचं प्रकरण

८ सप्टेंबर २०२२. मायक्रोवेव्ह ओव्हनएवढं, जेमतेम २५ किलो वजनाचं एक यान पृथ्वीपासून चंद्राच्या तिपटीहून जास्त अंतरावर होतं आणि आपला मार्ग किंचित दुरुस्त करत होतं. मोहिमेतली ही तिसरी मार्गदुरुस्ती. थ्रस्टर, म्हणजे यानाला ढकलणारी छोटी इंजिनं, ठरल्या वेळी सुरू झाले, हवा तो वेग जवळजवळ पूर्ण मिळाला, आणि काम संपत आलं असताना यान गिरक्या घ्यायला लागलं. त्याला सावरण्यासाठी आत बसवलेली चाकं कमी पडली. यान सेफ मोडमध्ये, म्हणजे नेहमीचं काम थांबवून फक्त जीव सांभाळण्याच्या अवस्थेत, गेलं आणि संपर्क तुटला. पुढचा जवळजवळ एक दिवस जमिनीवरच्या लोकांच्या हातात काहीच नव्हतं.

यानाचं नाव कॅपस्टोन. महिनाभराने, ७ ऑक्टोबरला, त्याची गिरकी थांबवण्यात यश आलं आणि १३ नोव्हेंबरला ते चंद्राभोवतीच्या ठरलेल्या कक्षेत पोचलं. गोष्ट म्हणून एवढंही पुरे. पण मला हे प्रकरण सविस्तर मांडायचंय ते दुसऱ्याच कारणासाठी. हे यान ज्या कंपनीने बांधलं, तिचा मुख्य धंदा संरक्षण खात्यासाठी छोटे उपग्रह बांधण्याचा. असे उपग्रह थव्याने पाठवायचे असतात. दहांतला एक बंद पडला तर उरलेले नऊ काम ओढून नेतात. कॅपस्टोन मात्र एकटं होतं. थव्याच्या हिशेबात मुरलेल्या माणसांनी एकट्याला बांधायचं ठरवलं की काय काय घडतं, हे या एका वर्षात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

कोणाचं यान, कोणाचे हात

यान अॅडव्हान्स्ड स्पेस या कोलोरॅडोतल्या छोट्या कंपनीच्या मालकीचं. मोहीम चालवायचीही तिनेच. पैसा नासाचा: सप्टेंबर २०१९मध्ये १ कोटी ३७ लाख डॉलरचं कंत्राट. प्रक्षेपणासाठी रॉकेट लॅबला फेब्रुवारी २०२०मध्ये वेगळे ९९.५ लाख डॉलर. यानाचा सांगाडा कॅलिफोर्नियातल्या अर्वाइन इथल्या टायव्हॅकने बांधला. टायव्हॅक ही टेरन ऑर्बिटल या कंपनीची शाखा.

या क्षेत्रात सांगाड्याला ‘बस’ म्हणतात. वीज, संगणक, रेडिओ, दिशा सांभाळणारी यंत्रणा, थ्रस्टर, हे सगळं बसमध्ये येतं. ज्या कामासाठी उपग्रह पाठवायचा ते उपकरण म्हणजे या बसमधला प्रवासी. टेरन ऑर्बिटल बस बनवण्यात तरबेज, आणि तिच्या कामाचा मोठा वाटा लॉकहीड मार्टिन या बड्या संरक्षण कंपनीकडून येणारा. अमेरिकेच्या लष्करासाठी उपग्रह उभारणाऱ्या स्पेस डेव्हलपमेंट एजन्सीने ऑगस्ट २०२०मध्ये लॉकहीडला १० दळणवळण उपग्रहांचं १८ कोटी ७५ लाख डॉलरचं काम दिलं, त्यांच्या बस टायव्हॅकच्या. फेब्रुवारी २०२२मध्ये पुढच्या टप्प्यातले ४२ उपग्रहही लॉकहीडच्या वाट्याला आले.

या एजन्सीचा विचार आधीच्या लष्करी उपग्रहांपेक्षा मुळातच वेगळा आहे. पूर्वी एकच अवाढव्य, महागडा उपग्रह असायचा. त्यात प्रत्येक महत्त्वाची वस्तू दोनदा बसवलेली, बांधायला दहा-दहा वर्षं. शत्रूने तो एक टिपला की सगळं आंधळं. त्याऐवजी शेकडो छोटे, स्वस्त उपग्रह खालच्या कक्षेत सोडायचे आणि दर दोन वर्षांनी नवी तुकडी पाठवायची. राखीव सामान उपग्रहाच्या पोटात ठेवायचंच नाही, शेजारचा उपग्रह हेच राखीव सामान. हा विचार मला पटतो. संरक्षणासाठी तो योग्यच आहे. पण त्याची एक किंमत आहे: एकेक उपग्रह थोडा कच्चा असला तरी चालेल, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

कॅपस्टोनला हे गृहीतक लागू नव्हतं. त्याच्या शेजारी कोणी नव्हतं.

लांबचा रस्ता

काम होतं चंद्राभोवतीची एक विलक्षण कक्षा प्रत्यक्ष वापरून बघण्याचं. ही अतिशय लांबट कक्षा चंद्राच्या एका ध्रुवावर सुमारे १,६०० किलोमीटरपर्यंत जवळ येते आणि दुसऱ्या बाजूला ७०,००० किलोमीटर लांब जाते. एक फेरी साडेसहा दिवसांची. पृथ्वी आणि चंद्र यांच्या ओढीचा तोल तिथे असा साधतो की टिकून राहायला इंधन फार थोडं लागतं. गेटवे या चंद्राभोवतीच्या, तेव्हा नियोजित असलेल्या अंतराळस्थानकासाठी नासाने हीच कक्षा निवडली होती. गणितात ती पक्की होती, पण तिथे आजवर कुठलंही यान गेलेलं नव्हतं. माणसं पाठवण्याआधी २५ किलोचा वाटाड्या पाठवायचा, असा बेत.

२८ जून २०२२ रोजी न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट लॅबच्या इलेक्ट्रॉन रॉकेटने ते निघालं. फोटॉन या वरच्या टप्प्याने पुढचे काही दिवस इंजिन पुन्हापुन्हा चालवून कक्षा उंचावत नेली आणि ४ जुलैला कॅपस्टोनला चंद्राच्या वाटेवर सोडून दिलं.

ही वाट सरळ नव्हती. अपोलोचे अंतराळवीर तीन दिवसांत चंद्रापाशी पोचायचे. कॅपस्टोनला चार महिन्यांहून जास्त लागणार होते. ते आधी चंद्राच्या पार पलीकडे, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख ३० हजार किलोमीटरपर्यंत जाणार, तिथे सूर्याची ओढ हळूहळू त्याची वाट वाकवणार, आणि परतताना ते अशा मंद वेगाने चंद्राजवळ येणार की कक्षेत शिरायला थोडासाच धक्का पुरेल. इंधन वाचवायचं म्हणून वेळ खर्च करायचा, एवढाच हा सौदा होता. तेव्हा कोणाला कल्पना नव्हती की पुढे जीव वाचवायला हीच वेळ कामी येणार आहे.

जुलै: चुकलेली एक कमांड

पहिला दणका लगेच बसला. ४ जुलैला सुटं झाल्यावर यानाने सौर पंख उघडले, स्वतःला स्थिर केलं, बॅटरी भरायला घेतली. दूरच्या यानांशी बोलणारं नासाचं अँटेनांचं जाळं म्हणजे डीप स्पेस नेटवर्क; त्याच्या माद्रिद केंद्राशी बोलणं झालं, मग कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनशी थोडं झालं, आणि रेडिओ गप्प झाला.

कारण पुढे उघड झालं. अंतर मोजण्याच्या आकड्यांत मेळ बसत नव्हता, म्हणून तपासासाठी चालक चमूने रेडिओमधली निदानाची माहिती मागवली. ती मागणारी कमांड चुकीच्या साच्यात गेली आणि रेडिओ निकामी झाला. इथवरची चूक माणसाची, आणि अशा चुका होतात. अशा वेळी यानावरच्या दोष ओळखणाऱ्या यंत्रणेने रेडिओ ताबडतोब बंद करून पुन्हा चालू करायला हवा होता. तिने केला नाही. फ्लाइट सॉफ्टवेअरमध्येच खोट होती.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्या गप्प काळात यानाने अँटेना पृथ्वीकडे धरून ठेवला, पंख सूर्याकडे ठेवले, बॅटरी भरत राहिलं. अखेर सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या एका भागाने अडचण दूर केली आणि ६ जुलैला रेडिओ बोलू लागला. पहिली मार्गदुरुस्ती ५ जुलैला ठरली होती, ती ७ तारखेला झाली आणि उत्तम झाली.

म्हणजे एकाच सॉफ्टवेअरचा एक भाग नापास आणि दुसरा पास. अशा वेळी ‘सुटलो बुवा’ म्हणून पुढे जाण्याचा मोह फार मोठा असतो. पण ज्या सुरक्षायंत्रणेवर विसंबून आपण यान एकटं सोडलं, ती पहिल्याच खऱ्या परीक्षेत उशिरा जागी झाली, हे त्या आठवड्यात दिसून गेलं होतं. थव्यातल्या उपग्रहात हा दोष सापडला तर पुढच्या तुकडीत सुधारता येतो. इथे पुढची तुकडी नव्हती.

सप्टेंबर: गिरकी

आता मूळ प्रसंग. तो नीट समजायला यानाची दिशा कशी सांभाळतात हे पाहावं लागेल.

फिरत्या खुर्चीवर बसून हातातलं जड चाक फिरवलं की खुर्ची उलट दिशेला वळते. रिअॅक्शन व्हील म्हणजे हेच. यानाच्या आत छोटी चाकं असतात. यानाला डावीकडे वळायचं असेल तर चाक उजवीकडे फिरवायचं. बाहेरून काही ढकलत असेल तर चाक आपला वेग वाढवून तो धक्का गिळतं. मात्र गिळायलाही मर्यादा असते. चाक आपल्या कमाल वेगाला पोचलं की संपलं. मग थ्रस्टर फुंकून साठलेला धक्का बाहेर टाकावा लागतो. एरवी हे काम थ्रस्टर आणि चाकं एकमेकांत वाटून घेतात.

८ सप्टेंबरला या वाटणीतलाच एक जोडीदार बिघडला. कॅपस्टोनला आठ थ्रस्टर होते. त्यांपैकी एकाची झडप, बहुधा, अर्धवट उघडी राहिली. ‘बहुधा’ हा शब्द नासाने जाहीर केलेल्या निष्कर्षातलाच आहे. त्यामुळे इंधनप्रणालीत दाब असेपर्यंत तो थ्रस्टर कोणी न सांगता जोर लावत राहिला. जोर किरकोळ, पण एका बाजूला आणि न थांबणारा. चाकं तो गिळत राहिली, गिळता येईनासं झालं, आणि यान गरगरायला लागलं.

मोहीमप्रमुखांनी डीप स्पेस नेटवर्ककडे आणीबाणी घोषित केली. या नेटवर्कच्या मोठ्या अँटेनांसाठी सगळ्या मोहिमांची रांग लागलेली असते. आणीबाणी जाहीर झाली की संकटातल्या यानाला पुढे घेतात. सुमारे २४ तासांनी जी टेलिमेट्री, म्हणजे यानाने स्वतःच्या स्थितीबद्दल धाडलेली माहिती, हाती आली ती वाचून कोणाच्याही पोटात गोळा आला असता. यान गिरक्या खातंय. संगणक थोड्या थोड्या वेळाने बंद पडून पुन्हा सुरू होतोय. पंखांतून येणाऱ्या विजेपेक्षा खर्च जास्त आहे. आणि इंधनप्रणाली तिच्या चालण्याच्या मर्यादेपेक्षा थंड झाली आहे.

हे चार दोष सुटे नाहीत, एकातून दुसरा निघतो. गिरकीमुळे पंखांवर ऊन धड पडत नाही, म्हणून वीज कमी. वीज कमी म्हणून संगणक तग धरत नाही आणि तापकांनाही पुरेसं मिळत नाही. तापक नाहीत म्हणून इंधन थंड. आणि इंधन थंड असेपर्यंत थ्रस्टर चालवता येत नाहीत, म्हणून गिरकी थांबवता येत नाही. साप आपलीच शेपटी गिळत बसावा तसं.

त्यात इंधन हायड्रॅझिन. ते साधारण २ अंश सेल्सिअसला गोठतं, म्हणजे पाण्याच्याही आधी. पाणी गोठताना फुगतं, हायड्रॅझिन वितळताना. नळीच्या मधल्या भागातलं इंधन आधी वितळलं आणि दोन्ही टोकं गोठलेलीच राहिली तर नळी फुटू शकते. यान बांधणाऱ्यांना हा धोका जुना ओळखीचा. तेव्हा वीज मिळाली की तापक भराभर चालू करा, इतकं हे सोपं नव्हतं.

थांबण्याचा निर्णय

पहिल्या एक-दोन दिवसांत अॅडव्हान्स्ड स्पेस आणि टेरन ऑर्बिटलच्या चमूंनी जो क्रम धरला तो मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. गिरकी थांबवण्याच्या मागे ते धावले नाहीत. आधी खर्च कमी केला. जे बंद ठेवता येईल ते बंद, यान ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत विजेचा जमाखर्च जमेकडे कसा झुकेल एवढंच पाहिलं. यान स्थिर लयीत फिरत होतं, म्हणजे प्रत्येक फेरीत पंखांवर थोडं तरी ऊन नेमाने येत होतं. त्या थोड्या उन्हात भागवायचं ठरलं. बॅटरी सावरली, संगणक टिकू लागला. कमी क्षमतेच्या अँटेनावरून तुटक का होईना माहिती येत राहिली.

मग ऊब. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इंधनप्रणाली तापवण्याइतकी वीज जमू लागली होती. तापमान सावकाश वर आणलं.

हे सगळं सावकाश करण्याची मुभा दिली ती वाटेने. ज्या दुरुस्तीच्या शेवटी बिघाड झाला, ती दुरुस्ती स्वतः जवळजवळ पुरी झाली होती. मागाच्या मोजमापांतून कळलं की यान गरगरत असलं तरी जायचं तिथेच चाललंय. लोळत का होईना, योग्य रस्त्यावरून. चंद्रापाशी पोचायला नोव्हेंबर उजाडणार होता. तीन दिवसांचा सरळ रस्ता घेतला असता तर निदान व्हायच्या आत यान चंद्रापलीकडे निघून गेलं असतं.

मला इथे थांबून एक म्हणायचंय. यान हरवत चाललेलं असताना त्याला लगेच काहीतरी कमांड पाठवावीशी वाटणं ही अगदी माणसासारखी गोष्ट आहे. जुलैत तशीच एक कमांड महागात पडली होती. सप्टेंबरात त्याच लोकांनी हात आवरला. हे मला त्यांच्या कुठल्याही तांत्रिक करामतीपेक्षा मोठं वाटतं.

गाठ कुठे होती

निदान झाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता, उलट तो अधिक गुंतला. गिरकी थांबवायची तर थ्रस्टर हवेत. थ्रस्टर चालवायचे तर प्रणालीत दाब आणायला हवा. आणि दाब आणला की तो बिघडलेला थ्रस्टर आपणहून फुंकायला लागणार. म्हणजे औषध आणि आजार एकाच बाटलीत.

यातून वाट निघते ती गणिताने. बिघडलेल्या थ्रस्टरचा जोर नसल्यासारखा धरायचा नाही, तो असणारच हे धरून चालायचं. उरलेल्या सातांपैकी कोणते, किती वेळ फुंकले तर त्या आगंतुक जोरासकट एकूण परिणाम गिरकी मंदावणारा होईल, हे आधी जमिनीवर बसवून पाहायचं. दाब असण्याचा काळ कमीत कमी ठेवायचा. आणि हे सगळं यानाला स्वतःहून, एका दमात करायला सांगायचं, कारण गरगरणाऱ्या यानाशी अधूनमधून जुळणाऱ्या धाग्यावरून सुकाणू धरता येत नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार. कमांडांची मालिका चालली आणि गिरकी थांबली. पंख सूर्याकडे वळले, अँटेना पृथ्वीकडे वळला, आणि महिनाभर ठिबकत आलेली माहिती धारेने यायला लागली. चमूने लगेच विजय साजरा केल्याचं जाहीर निवेदनांत दिसत नाही. पुढच्या सगळ्या मार्गदुरुस्त्या त्या झडपेला वळसा घालून आखायच्या, असं त्यात म्हटलेलं दिसतं. झडप दुरुस्त झाली नव्हती. होणारही नव्हती. तिच्यासकट चंद्र गाठायचा होता.

नऊ कागद

१३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार ७ वाजून ३९ मिनिटांनी, कॅपस्टोन कक्षेत शिरलं. त्यासाठी थ्रस्टर सुमारे १६ मिनिटं फुंकले. जोर ०.४४ न्यूटन. नासाने याला छान उपमा दिली होती: छपाईच्या नऊ कागदांचं वजन. नऊ कोरे कागद तळहातावर ठेवून पाहिले की कळतं, हा जोर जाणवतो न जाणवतो इतकाच.

तरी पुरतो, कारण ओढायचे फक्त २५ किलो आणि हाताशी १६ मिनिटं. दर सेकंदाला वेगात साधारण पावणेदोन सेंटीमीटरचा फरक. १६ मिनिटांत तो सेकंदाला १७ मीटरच्या आसपास जातो. हा माझा ढोबळ हिशेब, पण त्यावरून चार महिन्यांच्या लांबच्या वाटेने काय वाचवलं ते दिसतं. आणि अर्धवट उघडी झडप किती घातक, तेही. ज्या यानाला नऊ कागदांच्या जोराने चंद्राभोवती वळवता येतं, त्याला अर्ध्या कागदाचा नको तो जोर गरगरवायला पुरतो. लहान यानाची हलकी जात अशी दोन्हीकडून कापते.

चंद्रापर्यंत जाऊन तिथे काम करणारं हे पहिलं क्यूबसॅट, म्हणजे ठरावीक मापाच्या छोट्या चौकोनी ठोकळ्यांच्या हिशेबाने बांधलेलं यान, ठरलं.

मला काय खटकतं

यान वाचलं म्हणून बांधणी निर्दोष ठरत नाही.

थ्रस्टरची झडप ही काही सजावटीची वस्तू नाही. मोठ्या यानांत तिला बहुधा एकामागे एक अशा दोन बैठका, म्हणजे झडप घट्ट मिटण्याच्या जागा, देतात. एक उघडी राहिली तरी दुसरी इंधन अडवते. छोट्या यानात ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब असतो, तिथे अशा दुहेरी गोष्टींवर सगळ्यात आधी कात्री चालते. इतक्या लहान झडपेला केसाहून बारीक कणही बंद होऊ देत नाही. याच झडपेत तेच झालं असं मी म्हणत नाही, पण स्वच्छ खोलीतल्या शिस्तीला आणि इंधन भरण्याआधीच्या तपासण्यांना या धंद्यात इतका मान का, ते यावरून समजावं.

खरं खटकतं ते वेगळंच. यानावरच्या सॉफ्टवेअरला चाकं थकत आल्याचं कळत होतं, नाहीतर ते सेफ मोडमध्ये गेलंच नसतं. मग चाकं अर्धी भरली असतानाच प्रणालीतला दाब काढून टाकण्याचा नियम त्यात घालता आला नसता का? मला वाटतं आला असता. असा नियम लिहायला ग्रॅमभरही वजन लागत नाही. लागतो वेळ. कुठकुठल्या वस्तू कशा कशा बिघडू शकतात याची यादी करायला, आणि त्यातली प्रत्येक जमिनीवर खोटी-खोटी घडवून पाहायला. थव्यासाठी काम करणाऱ्या कंपनीवर दबाव असतो तो संख्येचा आणि तारखेचा, या यादीचा नव्हे. जुलैतली रेडिओची खोटही याच जातीची होती. दोन्हीकडे लोखंड नव्हे, तालीम कमी पडली.

तरीही टायव्हॅकच्या लोकांचं श्रेय मी कमी करणार नाही. विजेची तूट असताना, संगणक सारखा बंद पडत असताना यान महिनाभर जगलं, ते बांधणीत काहीतरी नेटकं असल्याशिवाय नाही. सेफ मोड, बॅटरी, पुन्हा उठून बसणारा संगणक, या साध्यासुध्या गोष्टी तिथे चोख चालल्या.

कंपनीचं पुढे काय झालं, तेही प्रकरणाचाच भाग. टेरन ऑर्बिटल मार्च २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली होती. ज्या ऑक्टोबरात कॅपस्टोनची गिरकी थांबली, त्याच्याच अखेरीस लॉकहीडने तिच्यात १० कोटी डॉलर घालत असल्याचं जाहीर केलं. २ सप्टेंबर २०२३ला तिच्या बसवर उभे असलेले लॉकहीडचे १० उपग्रह कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्गहून एकाच रॉकेटने वर गेले. पण पैशाची ओढाताण संपली नाही. ऑक्टोबर २०२४च्या शेवटी लॉकहीडने अख्खी कंपनीच सुमारे ४५ कोटी डॉलरला विकत घेतली. एका मोठ्या गिऱ्हाईकावर उभ्या असलेल्या छोट्या संरक्षण कंपनीचा प्रवास असाच संपताना अनेकदा दिसतो. मला त्याचं वाईट वाटतं, कारण कॅपस्टोनसारखी एकट्या यानाची, पैशाच्या दृष्टीने चिमुकली कामं मोठ्या घराच्या वेळापत्रकात मागे पडण्याची भीती असते.

पुन्हा एकदा गप्प

२६ जानेवारी २०२३ला कॅपस्टोनने पृथ्वीकडून येणाऱ्या कमांड स्वीकारणं बंद केलं. बाकी सगळं ठीक होतं. यान आपल्या कक्षेत सुरक्षित, टेलिमेट्री नियमित येत होती, फक्त इकडून बोललेलं तिकडे पोचत नव्हतं. या वेळी जमिनीवरून करण्यासारखं फारसं काही नव्हतंच. यानात एक घड्याळ होतं, ठरावीक काळ एकही कमांड आली नाही तर सगळं बंद करून पुन्हा सुरू करणारं. ते आपल्या गतीने चालत राहिलं. अकरा दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, घड्याळाची मुदत भरली, यान पुन्हा सुरू झालं आणि कमांड घ्यायला लागलं.

मग ९ मेला त्याने मूळ प्रवाशाचं काम केलं. यानावर एक छोटी संगणकप्रणाली होती, पृथ्वीची मदत न घेता, दुसऱ्या यानाशी बोलून आपण कुठे आहोत हे ठरवणारी. चंद्राभोवती २००९पासून फिरणाऱ्या लूनर रेकनसन्स ऑर्बिटरकडे कॅपस्टोनने संदेश पाठवला. त्या जुन्या, मोठ्या यानाने तो परत धाडला. संदेशाला जाऊन यायला लागलेल्या वेळावरून दोघांमधलं अंतर निघालं. त्या मोजमापाच्या वेळी आठ थ्रस्टरांपैकी एकाची झडप अजून तशीच, अर्धवट होती.